डावं-उजवं

पंगतीत वाढताना डावं-उजवं करू नये, असं माझी आजी सांगत असे. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या पंगतीत जावयाच्या भातावर आणि गड्याच्या भातावर तुपाची धार सारखीच पडे. प्रत्यक्षात जावयाच्या पानापाशी आल्यावर तिचा हात वयोमानाने जरा थरथरायचा आणि त्या थरथरीत चमचाभर तूप जास्त पडायचं. पण तत्त्व म्हणून तिने डावं-उजवं कधी केलं नाही.

हे संस्कार घेऊन मी वाढलो आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी डावं-उजवं करायची वेळ माझ्यावर आली. तीसुद्धा शब्दशः.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव अमेरिकेत सिअ‍ॅटलला असतात. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा आम्हां दोघांना अलास्काच्या बोटीवर पाठवायचं त्याच्या मनाने घेतलं. व्हँकुव्हरला बोटीत बसायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे जायचं, वाटेत बर्फाचे डोंगर बघायचे आणि सात दिवसांनी अँकरेजजवळच्या एका बंदरात उतरायचं. अर्धे पैसे तो घालणार होता. उरलेल्या अर्ध्यांसाठी मी एक मुदत ठेव मोडली.

"बाल्कनीची खोली घेऊ," तो फोनवर म्हणाला. "बोटीचा नकाशा पाठवतो. खोली तुम्हीच निवडा, बाबा. डावीकडची की उजवीकडची, तेवढं नीट बघा."

हे त्याने मला सांगायला नको होतं.

खिडकी हा माझा जुना आजार आहे. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरण्यात माझी उमेद गेली. रुमाल टाकला आहे, टोपी टाकली आहे, एकदा धाकट्या भावालाच खिडकीतून आत टाकला आहे. मुंबईला जाताना घाटात दरी कुठल्या हाताला येते, सातारच्या गाडीत दुपारचं ऊन कुठल्या बाजूला लागतं, हे मला पाढ्यांसारखं पाठ. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही महाबळेश्वरला निघालो तेव्हा मी खिडकीत बसलो आणि हिला म्हणालो, "तुला वारा लागेल." त्यावर ही काही बोलली नाही. ती संमती समजून मी पुढची चाळीस वर्षं खिडकीत बसलो.

बोटीचा नकाशा आला आणि माझी झोप उडाली. आमच्या लग्नाच्या वेळी पत्रिका बघताना वडिलांनी केला नसेल एवढा विचार मी त्या खोल्यांचा केला. पुढच्या टोकाची खोली घ्यावी, तर दर्या खवळला की झोका तिथे जास्त. मागच्या टोकाची घ्यावी, तर इंजिनाची थरथर. अगदी वरची घ्यावी, तर डोक्यावरच्या डेकवर खुर्च्या ओढल्याचे आवाज, म्हणजे पुन्हा चाळीतच राहायला गेल्यासारखं. खालची घ्यावी, तर समोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या. एवढे पैसे मोजून होडीच्या बुडाकडे बघत बसायचं! लिफ्टजवळची घ्यावी, तर रात्रभर वर्दळ. मधलं दार असलेली घ्यावी, तर शेजाऱ्याचं घोरणं फुकट.

मजला ठरला, मधला भाग ठरला. राहिली बाजू. बोटीच्या नाकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात तो पोर्ट आणि उजवा तो स्टारबोर्ड. उत्तरेकडे जाताना मुख्य भूमी उजव्या हाताला राहते, म्हणून तिकडे जाऊन आलेले लोक उजवी घ्या म्हणतात. उलट, दक्षिणेकडे येणाऱ्या बोटीवर डावी घ्यावी. आणि जाऊन-येऊन फेरी असेल तर कुठलीही घ्यावी आणि गप्प बसावं.

या अभ्यासात मला एक गोष्ट सापडली. 'पॉश' हा शब्द म्हणे आपल्या मुंबईच्या बोटीवरून आला. विलायतेहून मुंबईला येताना बोट पूर्वेकडे तोंड करून चाले, त्यामुळे डाव्या बाजूला सावली असे आणि परत जाताना उजव्या बाजूला. बडे साहेब येताना पोर्ट आणि जाताना स्टारबोर्ड अशी खोली मागून घेत. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', यातली इंग्रजी आद्याक्षरं घेतली की झालं पॉश! ही कथा मी सोसायटीत सतरा जणांना सांगितली. अठराव्याने शांतपणे सांगितलं, की हे सगळं झूट आहे. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला मिळालेलं नाही. कथा खोटी निघाली, पण ती इतकी वर्षं चालली यातच सगळं आलं. मोठेपण म्हणजे काय, तर दुसरा उन्हात आणि आपण सावलीत, हे ऐकल्याबरोबर आपल्याला पटतं.

"मग उजवीकडचीच घेतो," मी एका रात्री जाहीर केलं.

"आणि डावीकडच्या लोकांना काय दिसणार?" हिने विचारलं.

"दिसेल थोडंफार."

"त्यांनी पैसे कमी भरलेत का?"

"नाही, तेवढेच."

"मग त्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं," असं म्हणून ही दिवा मालवून झोपली.

मी मात्र जागा राहिलो. चांगलं ते निवडावं, यात पाप ते काय? भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो. उरलेल्या जून भेंड्या कुणीतरी घेणारच असतो. म्हणून काय आपण जून भेंड्या आणाव्यात? युक्तिवाद बिनतोड होता. पण एक प्रश्न काही केल्या जाईना. दोन्ही बाजूंना अगदी सारखंच दिसणार असतं, तर उजवी खोली मिळाल्याचा मला एवढा आनंद झाला असता का? एस.टी.च्या खिडकीतलं निम्मं सुख बाहेरच्या झाडांत असतं. उरलेलं निम्मं, खोटं कशाला बोलू, मधे उभ्या असलेल्या माणसात असतं. आपलं ते उजवं ठरायला दुसऱ्याचं डावं असावं लागतं.

प्रवास सुरू झाला आणि पहिले दोन दिवस माझ्या उजव्या बाजूने फक्त धुकं दाखवलं. उत्तम प्रतीचं धुकं होतं. मी कानटोपी, मफलर, दोन स्वेटर असा जामानिमा करून बाल्कनीत बसलो होतो. पैसे भरले होते. उठून कसं चालेल? ही मात्र दुसऱ्याच दिवशी वरच्या उघड्या डेकवर गेली आणि तिथलीच झाली. तिथे कॅनडातल्या एक निवृत्त शिक्षिका तिला भेटल्या. त्यांची खोली आतल्या बाजूची, बिनखिडकीची, सगळ्यांत स्वस्त. खोलीत बघण्यासारखं काहीच नसल्यामुळे त्या दिवसभर वर असत आणि डावीकडचं, उजवीकडचं, पुढचं, मागचं सगळं बघत. संध्याकाळी ही गाल लाल करून परत आली.

"देवमासे दिसले. तीन! शेपटी अशी वर केली आणि गेले खाली."

"कुठे?"

"डावीकडे," ही म्हणाली. तिने ते जरा हळू आवाजात म्हटलं, हा तिचा चांगुलपणा.

मग आमचा वाद झाला. मराठीत झाला, कारण परदेशात मराठीतून मोकळेपणाने भांडता येतं असा आमचा समज होता. तेवढ्यात दारातून आवाज आला, "काकू, आणखी एक ब्लँकेट देऊ का?"

आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा निघाला. कुंकळ्ळीचा. मराठी कोकणीच्या चालीवर बोलायचा. गोव्याची माणसं बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. याचे वडीलही दर्यावर होते. हिने त्याला लाडू दिला आणि मुलाखत सुरू केली. घरी कोण, लग्न झालं का, महिन्याला किती पाठवतोस, वगैरे. शेवटी विचारलं, "तुझी खोली कुठे रे?"

"खाली, काकू. पाण्याच्या रेषेखाली. दोघांत एक."

"खिडकी?"

तो हसला. "पाण्याखाली खिडकी कशी असणार?"

हा त्याचा तिसरा हंगाम होता. मे ते सप्टेंबर, दर आठवड्याला हाच रस्ता, एकदा वर, एकदा खाली. म्हणजे पन्नासेक वेळा तो इथून गेला होता. "मग बर्फाचा डोंगर पाहिला असशील डोळे भरून," मी म्हणालो.

"दोनदा पाहिला," तो म्हणाला. "त्या दिवशी सगळी माणसं खोलीबाहेर असतात ना. आमचं काम तेव्हाच."

तीन आठवडे मी बोटीचा नकाशा धुंडाळत होतो. डावं बघितलं, उजवं बघितलं, पुढचं आणि मागचं बघितलं. मजल्यांचे आकडे तर तोंडपाठ होते. पण सगळ्यांत खालचे मजले त्या नकाशात दाखवलेलेच नव्हते आणि ते का दाखवले नाहीत, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. डावं-उजवं करण्याच्या नादात वर-खाली राहूनच गेलं.

पाचव्या दिवशी आम्ही ग्लेशियर बेमध्ये शिरलो. तिथे दिवसाला दोनच मोठ्या बोटी सोडतात. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रखवालदार छोट्या होडीतून येऊन बोटीवर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली, तेव्हा ही खाडी नव्हतीच. किनाऱ्याला आठ किलोमीटरांची एक खोबण आणि पुढे बर्फाची भिंत. १८७९ साली जॉन म्यूर आला, तोवर ती भिंत साठ किलोमीटरांहून जास्त मागे सरकली होती. आज खाडी शंभर किलोमीटरांहून लांब आहे. त्याच्याही आधी इथे जमीन होती आणि तिच्यावर ट्लिंगिट लोकांची गावं होती. अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकत आला आणि त्यांना घरदार सोडून जावं लागलं. गाव होतं तिथे बर्फ आला, बर्फ होता तिथे पाणी आलं आणि त्या पाण्यावर मी उजवी बाजू धरून बसलो होतो!

दुपारी मार्जरी हिमनदी आली. पाण्याच्या काठाशी दीड किलोमीटर रुंदीची निळसर भिंत. बर्फ फार दाटला की प्रकाशातला तांबडा रंग गिळतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो, म्हणून हा रंग. एवढं सगळं मी वाचून आलो होतो. एकच गोष्ट माझ्या वाचनात आली नव्हती. भिंतीसमोर आल्यावर कप्तानाने बोट थांबवली आणि सांगितलं, "आता बोट जागच्या जागी सावकाश फिरवू. दोन्ही बाजूंना सारखंच दिसेल."

आरती झाल्यावर देवाभोवती जायला वाट नसली की आपण स्वतःभोवतीच प्रदक्षिणा घालतो ना, तश्शी ती एवढी मोठी बोट फिरली. माझा तीन आठवड्यांचा अभ्यास दहा मिनिटांत पाण्यात.

आमची पाळी आली, तेव्हा गोव्याचा मुलगा टॉवेल बदलायला आला होता. हिने त्याच्या हातातले टॉवेल काढून घेतले. "ये, इथून बघ."

"नको काकू, वरचा साहेब बघेल."

"तो बर्फ बघत असेल. ये."

बाल्कनीत दोनच माणसं उभी राहतील एवढी जागा. दोघंही माझ्याकडे बघायला लागली. चाळीस वर्षांत खिडकीतून मला कुणी उठवलं नव्हतं. मी उठलो आणि आत पलंगाच्या कडेवर बसलो. फार काही उदात्त वाटलं, असं नाही. कप्तान पुन्हा बोट फिरवील का, असाच विचार आधी मनात आला.

माझ्यासमोर दोन पाठी होत्या. एक स्वेटरमधली, एक गणवेशातली. तेवढ्यात दोघंही एकदम "अगं बाई!" आणि "सायबा!" असं ओरडले आणि त्यानंतर मेघगर्जनेसारखा आवाज झाला. या बर्फाचं असंच असतं: आधी कडा कोसळतो, मग आवाज पोचतो. मला आवाज मिळाला. कडा त्यांना मिळाला. चार मिनिटांनी त्या मुलाने घड्याळ बघितलं, टॉवेल उचलले आणि गेला. रात्री पलंगावर त्याने टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता.

चार मिनिटांनी कुणाला पाण्याखालच्या खोलीत खिडकी मिळत नाही, हे मला कळतं. आजीच्या थरथरीइतकंच ते तूप. फक्त यंदा ते दुसऱ्या पानात पडलं.

अँकरेजहून सिअ‍ॅटलच्या विमानात मी हिला म्हणालो, "खिडकीत तू बस."

"मला नको. मला सारखं उठावं लागतं. कडेचीच जागा बरी."

"म्हणजे इतकी वर्षं तुला खिडकी नकोच होती?"

"नव्हती," पट्टा बांधत ही म्हणाली. "पण एकदा विचारलं असतंत, तर बरं वाटलं असतं."

मी खिडकीत बसलो. बाहेर ढग होते. सिअ‍ॅटलला उतरेपर्यंत मी काही त्यांच्याकडे फारसं बघितलं नाही.