आजारी गाय व शेजाऱ्याचे हित

सत्य सांगितल्याने निरपराध शेजाऱ्याचाही संसार बुडत असेल, तर ते सांगावे काय? २० मे २००३ रोजी कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील एका गायीला मेंदू पोखरणारा बीएसई रोग झाल्याचे जाहीर झाले. गाय एकच, परंतु अमेरिकेने व इतर अनेक देशांनी दारे लावून घेतली आणि भाव कोसळले. जिवंत तरुण गुरांसाठी अमेरिकेची सीमा जुलै २००५ पर्यंत उघडली नाही. तोवर न खपणाऱ्या गुरांना चारा तर घालावाच लागे! प्रांताचे मुख्यमंत्री राल्फ क्लाईन त्रासून म्हणाले की, स्वाभिमानी गुरेवाल्याने अशी गाय गोळी घालून पुरली असती व तोंड मिटून घेतले असते.

त्यांचा संताप समजतो. सल्ला मात्र घेववत नाही. हा रोग रोगट गुरांच्या अवशेषांच्या खाद्यातून पसरतो व मांसावाटे मनुष्यासही गाठू शकतो. मोशेच्या नियमशास्त्रात मारक्या बैलाचा धनी केव्हा दोषी ठरतो? बैलाची खोड ठाऊक असून त्याने त्याला आवरले नाही, तेव्हा (निर्गम २१:२९). तेथे ठाऊक असण्यापासूनच दोषाचा आरंभ होतो. आणि शेजाऱ्याचे म्हणाल, तर त्याच वर्षी कॅनडातील लोकांनी गोमांस टाकले नाही, उलट अधिक खाल्ले.