साम्य आणि संबंध : वऱ्हाडातील वस्त्र व स्मृती

इतिहास सांगणाऱ्या वस्त्रांचा विचार निघाला की फ्रान्समधील बायो येथील अकराव्या शतकातील भरतकाम हटकून पुढे येते. सुमारे ७० मीटर लांबीच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्यांनी १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईपर्यंतचा वृत्तांत तेथे चित्रांनी मांडला आहे आणि परक्या पाहणाऱ्यालाही तो ढोबळमानाने उमगतो. कापसाचा मुलूख असलेल्या वऱ्हाडात अकोटची सतरंजी पट्ट्यांची आणि घरोघरची गोधडी ठिगळांची. त्यांत राजे नाहीत, लढाया नाहीत. तरीही वस्तू आणि स्मृती यांच्या नात्याचा खोल विचार याच भूमीत, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित असलेल्या महानुभाव पंथात झाला.

रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची भूमी. महानुभाव ज्या पाच रूपांना, म्हणजे ‘पंचकृष्णां’ना, परमेश्वराचे अवतार मानतात त्यांपैकी ते एक असून पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींचे ते गुरू होत. या पंथात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चारांना विशेष आदर आहे: स्थान म्हणजे अवतार जेथे बसले-वावरले ती जागा, प्रसाद म्हणजे त्यांनी वापरलेली किंवा दिलेली वस्तू, ज्यात वस्त्रही आले, भिक्षुक म्हणजे संन्यस्त साधक आणि वासनिक म्हणजे घरी राहून आचारधर्म पाळणारा अनुयायी. यांपैकी पहिल्या दोहोंत ‘संबंध’, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्शाचे नाते, हे तत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. चित्र मूळ व्यक्तीशी साम्याने, म्हणजे सारखेपणाने, जोडलेले असते. प्रसादाचे वस्त्र मात्र कोणासारखेही दिसत नाही, ते त्या देहाला प्रत्यक्ष लागलेले असते, आणि हे नाते साम्याहून अधिक घट्ट मानावे लागते, कारण साम्य कुशल कारागीर कितीदाही निर्माण करू शकतो, घडून गेलेला स्पर्श मात्र पुन्हा घडवता येत नाही.

येथेच खरी अडचण उभी राहते. स्पर्श डोळ्यांना दिसत नाही. ते वस्त्र कोणाचे हे सांगणारा उरला नाही तर ते केवळ जुने कापड ठरते. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, विचारून, पडताळून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि त्यांतून ‘लीळाचरित्र’ हे स्वामींचे चरित्र सिद्ध झाले, याचे महत्त्व या दृष्टीने फार मोठे आहे. मूळ पोथी परचक्रात नष्ट झाल्यावर ती पुन्हा स्मरणातूनच उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. वस्तू स्मरणाला आधार देते आणि स्मरण वस्तूला अर्थ देते; दोहोंपैकी एकावर विसंबणे महानुभावांनी टाळले, ही त्यांच्या विचाराची सर्वांत मोलाची बाजू होय.

अमरावती जिल्ह्यातीलच शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांच्या चिंध्यांचा अंगरखा या विचाराला दुसऱ्या टोकाने भिडतो. टाकून दिलेल्या कापडाचा मूळ धनी कोण हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणजे त्याचा संबंध तुटलेला असतो. बाबांनी तेच अंगावर घेतले, गुरुपणही नाकारले, आणि पूजनीय वस्तूंचा संचय होऊ शकेल असे नाते आपल्याभोवती वाढू दिले नाही. त्यांच्या अंगावर कोणा एकाचे नव्हे, तर ज्यांना कोणी मोजत नाही अशा साऱ्यांचे कापड होते. संबंधाच्या तत्त्वाला हे खंडन मानावे की त्याचा विस्तार, यावर वाद होऊ शकतो. परंतु विस्तार मानणेच अधिक योग्य, कारण स्पर्श येथेही आहे, केवळ तो एका देहापुरता राहिलेला नाही.

अमरावती-अकोल्याकडील घरातली गोधडी प्रसादाचे वस्त्र आणि चिंध्यांचा अंगरखा या दोहोंच्या मध्ये उभी आहे. जुने लुगडे, विटलेले धोतर, लेकराचे अंगडे यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवताना कोणते ठिगळ कोणाचे हे शिवणारीला पक्के माहीत असते, आणि तिच्याजवळ बसून कोणी ते विचारून घेतले तरच पुढच्या पिढीला त्या ठिगळातले माणूस सापडते.