पात्याखालचा प्रमाद

ट्रॅक्टरमागच्या रोटरी मोवरने (गवत कापायच्या यंत्राने) गवत उंचसखल कापले गेले की दोष बहुधा पात्यावर जातो. धार बोथट असतेही. पण पुष्कळदा खोट जोडणीत निघते. चाकांत हवा कमीजास्त, मोवर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या टॉप लिंकची लांबी चुकलेली. मोवर डावी-उजवीकडे समतल हवा, पुढची कड मात्र मागच्या कडेपेक्षा अर्धा-एक इंच खाली. मागची कड खाली गेली तर कापलेलेच गवत पुन्हा कापले जाते आणि इंजिनावर उगाच भार येतो. ट्रॅक्टरची शक्ती मोवरला देणारा पीटीओ ठरल्या वेगावर, बहुधा मिनिटाला ५४० फेरे. ट्रॅक्टर मात्र संथ. घाई केली की गवत न कापता आडवे होते.

यात धर्माचा प्रश्न कुठे आला? पात्याखाली.

गवतात अंडी असतात, पिले असतात, बेडूक असतात. चालकाला कुणालाच मारायचे नसते. मग ही हिंसा त्याची की नाही? मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या उपालिसुत्तात याच धर्तीचा वाद आहे. बुद्ध तिथे मनाच्या कर्माला सर्वांत जड मानतात, निगंठ नातपुत्त म्हणजे महावीर कायेच्या. अर्थात ही नोंद बौद्धांची, एका पक्षाची. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घातला आहे. यंत्रावर बसलेल्या माणसाला हीच कसोटी नेमकी लागू पडते.

सांगली-कोल्हापूरकडचे जैन शेतकरी पिढ्यान्पिढ्या शेती करत आले. त्यांच्या परिभाषेत शेतीतली हिंसा ‘उद्योगी’, म्हणजे उपजीविकेपोटी घडणारी. गृहस्थाला ती पुरती टळत नाही, जाणूनबुजून केलेली मात्र वर्ज्यच. साधूंना ईर्यासमिती आहे: चार हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकायचे. ट्रॅक्टरवरून ते कसे जमणार? मोवर पाठीमागे, आणि गवत उंच. पण जमत नाही म्हणून बघायचेच सोडून देणे, हा प्रमादच.

स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर कॉर्नक्रेक पक्षी गवतात घरटे करतो. कडेकडून आत कापत गेले की न उडणारी पिले मधल्या उरल्यासुरल्या गवतात कोंडली जातात. म्हणून तिथले अनेक शेतकरी मधून सुरुवात करून बाहेर कापत येतात. जर्मनीत हरणाची पाडसे धोका दिसला की पळत नाहीत, निपचित पडून राहतात. तिथे कापणीआधी पहाटे उष्णता टिपणारे ड्रोन फिरवतात. मोवर कितीही समतल असला तरी ही पाडसे त्याने वाचत नाहीत.

तेव्हा बागेत किंवा पडीक रानात मोवर घालण्यापूर्वी एक फेरी पायी मारा, आणि कापणी मधून बाहेरच्या बाजूला न्या. त्या फेरीत पाते मोडणारे दगडही सापडतील.