भरपाईचा ईस्टर

ईस्टर जवळ आला की एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. काळोखानंतर पहाट होते, क्रूसानंतर कबर रिकामी होते, तेव्हा धीर सोडू नका. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण हाच मजकूर सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत किंवा पलीकडे भूम-परंड्यात मोठ्याने वाचून पाहावा. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यात पिकं तर गेलीच, पण नदीकाठची जमीनही खरवडून गेली. सोयाबीन पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. वाहून गेलेली माती पिढी संपली तरी परत येत नाही. अशा वेळी पहाटेची ग्वाही देणाऱ्याकडे हवामान खात्याइतकासुद्धा आधार नसतो.

या जिल्ह्याला भरपाईची भाषा नवी नाही. दुष्काळ असो की पूर, आधी नुकसान, मग पंचनामा, मग खात्यावर रक्कम कधी पडते याची वाट. लोकप्रिय ईस्टर नेमका याच हिशेबाने बोलतो. शुक्रवारी नुकसान, शनिवारी पंचनामा, रविवारी व्याजासकट भरपाई.

धर्माला अफू म्हणणाऱ्यांशी इथे वाद घालण्याचं कारण नाही. त्यांनी जामखेडला एक चक्कर मारून तिथल्या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याचं काम पाहून यावं. मिशनऱ्यांचा सगळा खटाटोप धर्मांतरासाठीच होता, असं ठरवून बसलेल्यांचं समाधान कुठल्याच पुराव्याने होत नाही. खरी अडचण आहे ती श्रद्धावंतांच्याच गोड सिद्धान्ताची: संकट येतं ते पुढचं काही चांगलं घडावं म्हणून.

या सिद्धान्ताला हमखास उदाहरण सापडतं ते पंडिता रमाबाईंचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. 1880 साली भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना गोळा करून घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. गोष्ट सांगणारा इथे समाधानाने थांबतो: पाहा, तो दुष्काळ वाया गेला नाही!

हे बोलणं नीट तपासलं तर अंगावर काटा यावा. मग अनंतशास्त्री कशासाठी मेले? लेकीचं कर्तृत्व फुलावं म्हणून? आणि त्याच दुष्काळांत मेलेल्या ज्या लाखोंच्या घरी कुणी रमाबाई जन्मली नाही, त्यांची रक्कम कोणत्या खात्यावर पडली? या हिशेबात देव आधी दुष्काळ पाडतो आणि नंतर अनाथाश्रम काढतो. अशा देवावर विश्वास ठेवण्यापेक्षा नास्तिक झालेलं बरं. स्वतः रमाबाईंच्या आयुष्यात तरी ही बेरीज कुठे जुळते? एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. आईने बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी तीही गेली. यंदाचा, 2026 चा, ईस्टर 5 एप्रिललाच येतो. या योगायोगातून अर्थ काढण्याची गरज नाही, पण त्या रविवारी रमाबाईंचं नाव घेणाऱ्याने मनोरमेचंही घ्यावं.

शुभवर्तमानांतली गोष्टही या हिशेबाला साथ देत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात पहाटे कबरीकडे निघालेल्या बाया काही आशेने निघालेल्या नाहीत. प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं त्यांच्या हातात आहेत आणि तोंडावरचा मोठा धोंडा कोण सरकवणार, हा प्रश्न डोक्यात आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर हे शुभवर्तमान त्या भेदरून पळाल्या, इथेच संपतं. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांसमोर येतो तो खिळ्यांच्या खुणा आणि कुशीतली जखम घेऊन. थोमाला तो त्याच दाखवतो.

धाराशिवकरांना इथे तेरचे गोरोबाकाका आठवतील. चिखल तुडवताना पायाखाली गेलेलं मूल विठ्ठलाच्या कृपेने परत आलं आणि गोरोबांचे थोटे हातही पूर्ववत झाले, अशी ती कथा. कृपेने तूट भरून निघते हा तिचा विसावा आहे आणि त्याची थोरवी कमी लेखायचं कारण नाही. ईस्टरची कथा मात्र वेगळ्या वाटेने जाते. तिथे जीव परततो, पण जखमा बुजत नाहीत. मृत्यूनंतरच्या जीवनावर चर्चची श्रद्धा आहे आणि ती सोडावी असंही कुणी म्हणत नाही. मात्र तो देवाने स्वतःकडे राखून ठेवलेला शब्द आहे. त्याच्या जिवावर उपदेशकाने आजच्या दुःखाला पावती फाडून देऊ नये.

मग आशा उरते कशात? परताव्याची हमी नसताना काम करण्याच्या मोकळिकीत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य 1970 मध्ये धाराशिवच्या शेजारच्या जामखेडला आलं. दुष्काळ तोंडावर होता आणि गावकऱ्यांना दवाखान्याआधी अन्नपाणी हवं होतं. आरोळ्यांनी हातपंप घेतले ते जाणूनबुजून दलित वस्त्यांत, म्हणजे पाण्यासाठी इतरांना तिथे यावं लागे. पुढे त्याच गावांतल्या, बऱ्याचशा निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या, बाळंतपणं करू लागल्या. 1972 चा दुष्काळ टळला नाही, कुणाची मेलेली गुरं परत आली नाहीत. जात तर आजही गेलेली नाही.

जानेवारी 2020 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवला, आले, तेव्हाही एका धर्मगुरूने तिथे बसावं का, यावरच जास्त बोललं गेलं. प्रकृती साथ देत नसताना ते का आले, हा प्रश्न अधिक मोलाचा होता. त्याचं उत्तरही याच मोकळिकीत आहे.

सोलापूर-धाराशिवकडच्या पाळकांना म्हणूनच एक विनंती आहे. यंदाच्या उपासनेत 'सगळं ठीक होईल' हे वाक्य गाळावं. ज्यांची जमीन खरवडून गेली त्यांची नावं घेऊन प्रार्थना करावी, आणि सोमवारी मंडळीतली चार माणसं त्यांच्या शेतात गाळ पसरायला पाठवावीत.