छेद समान करताना

पावकी, निमकी, पाउणकी पाठ केलेल्या पिढीला अर्ध्यात पाव मिळवला की पाऊण होतो, हे पाटी न धरताही कळत असे. शाळेत मात्र छेद वेगळे दिसले की मुले गोंधळतात आणि अंशात अंश, छेदात छेद मिळवून मोकळी होतात. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त सांगितलेली रीत निराळी आहे. परस्परांच्या छेदांनी अंश व छेद गुणावेत आणि छेद सम झाल्यावरच अंशांची बेरीज करावी. छेद म्हणजे कापणे. एकत्र येण्यासाठी प्रत्येक वाट्याला अधिक बारीक चिरून घ्यावे लागते, आणि तरीही कोणाचे काही उणे होत नाही. या साध्या रीतीत न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांला वाटते.

उदाहरण घरातलेच घेऊ. मृत्युपत्र न करता एखादा ख्रिस्ती गृहस्थ वारला, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे पत्नीला १/३ वाटा मिळतो; उरलेले २/३ मुलामुलींत, कोणताही भेद न करता, सारखे वाटले जाते. समजा, ३६ गुंठ्यांची वाडी आहे आणि मागे आई, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. आईचे १२ गुंठे. तिन्ही भावंडांचे प्रत्येकी २/९, म्हणजे ८ गुंठे. आता मायलेकींचे मिळून किती? घाईची बेरीज ३/१२ सांगते, म्हणजे ९ गुंठे. एकट्या आईचे १२ होते, लेक येऊन मिळाली आणि ९ झाले! खरे उत्तर ३/९ अधिक २/९, म्हणजे ५/९, २० गुंठे.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. मुलीला धरलेच नाही, तर आईला १/३, थोरल्याला १/३, धाकट्याला १/३. बारा त्रिक छत्तीस, बेरीज चोख. गणित हरकत घेत नाही, कारण छेदात कोणाकोणाला मोजायचे हे ते सांगतच नाही. ते आपण आधी ठरवून त्याच्या हाती देतो.

त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात तर हे उघडच लिहिलेले होते: मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांतले जे कमी असेल ते. मेरी रॉय यांनी दाद मागितली, आणि तेथेही १९२५ चाच कायदा लागू होतो, असा निर्णय १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला.

आपल्याकडे तशा कायद्याची गरज पडत नाही, हक्कसोडपत्र पुरते. ‘तिच्या लग्नाला खर्च केलाच की,’ असे म्हणतात. केला असेल. पण तो रुपयांत, आणि वाटा जमिनीत. या दोहोंचा छेद कोणी समान करून पाहिला काय? शिवाय भावांची शिक्षणे आणि लग्ने त्या हिशेबात कोठे मांडली आहेत?

बहिणीने आनंदाने वाटा सोडला, तर तो तिचा अधिकार आहे. आम्ही त्यात पडणार नाही. मात्र कागद पुढे करण्यापूर्वी भावांनी तिला वाडीत न्यावे आणि तिचे ८ गुंठे या बांधापासून त्या बांधापर्यंत मोजून दाखवावेत. सही त्यानंतर.