वाटेचा हिशेब

शिरूरमध्ये मी अकरावीची फिजिक्सची शिकवणी घेतो. कार्य आणि ऊर्जा हा धडा मुलांना आवडतो, कारण त्यात एक मोठी सूट आहे. घर्षण नसेल तर मधल्या वाटेकडे बघायचंच नाही. वस्तू सुरुवातीला किती उंचीवर होती आणि शेवटी किती, एवढं पुरतं. उतार सरळ असो की वळणाचा, उत्तर तेच.

मागच्या हंगामात दौंडला जाताना न्हावऱ्याच्या पुढे एका फडावर उसाचा ट्रक भरत होता. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. सवयीने मी मनात गणित मांडलं. बाई 50 किलो, मोळी 30 किलो, उंची 3 मीटर धरू. कार्य झालं सुमारे 2400 ज्यूल. शरीर खर्च करतं त्यातला साधारण पाचवा हिस्साच अशा कामात उतरतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे खर्च 12,000 ज्यूल. एक ग्रॅम साखरेत 16,000हून जास्त ज्यूल असतात. ती चढण एक ग्रॅम साखरेतच भागली! आणि फडातून ट्रकपर्यंत सपाट जमिनीवर ती मोळी घेऊन चालली, तिथे तर पुस्तकाप्रमाणे मोळीवरचं कार्य जवळपास शून्य. बल वर, विस्थापन आडवं.

गणित बरोबर होतं. तरी मला लाज वाटली.

फिजिक्स खोटं बोलत नाही. ऊर्जा नाहीशी होत नाही, असंच ते सांगतं. ती बाईच्या मानेत, गुडघ्यांत, घामात गेली होती. मी तिथे मोजलं नव्हतं, इतकंच.

ऊसतोडीची मजुरीही टनावर ठरते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. काट्यावर शेवटचं वजन दिसतं, वाट दिसत नाही. मग मजुरी घामावर द्यायची का? घाम मोजणार कसा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मोजता येत नाही म्हणून शून्य धरणं ही आपली सोय झाली, न्याय नव्हे.

माझ्या वर्गात एक मुलगा दौंडकडून पहाटेच्या एसटीने यायचा. चाचणीत कमी मार्क पडले म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हणालो होतो. मीही काट्यासारखाच शेवटचा आकडा बघितला होता. परवा त्याची माफी मागितली. तो नुसता हसला.

आता गणित सुटलं की मी मुलांना आणखी एक प्रश्न विचारतो: यात आपण काय सोडून दिलं?