हवा थोडी कमी



फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात व्हेझले नावाचं गाव आहे. टेकडीवर वसलेलं. माथ्यावर मेरी मॅग्डालेनचं मध्ययुगीन चर्च. स्पेनमधल्या सान्तियागोला पायी निघालेले यात्रेकरू शतकानुशतकं इथून जात आले. आज त्या परिसरातल्या द्राक्षमळ्यांतून, रानांतून सायकलस्वारही जातात. वाट खडीची. म्हणून रुंद टायरमध्ये ते हवा थोडी कमी ठेवतात.

टणक फुगवलेला टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, घसरतो. हवा थोडी कमी असली, की तो खड्याला सामावून घेतो. जमिनीला धरून चालतो.

आपलंही असंच होतं. मानाने, हुद्द्याने आपण फुगतो. मग घरातला साधा प्रश्नही टोचतो. सहकाऱ्याची सूचना अपमान वाटते. हवा थोडी कमी केली, की तेच बोलणं नीट ऐकू येतं.

हवा सगळी मात्र काढायची नाही. तसं केलं, तर रिमलाच मार बसतो. स्वाभिमान हवाच. ताठा नको.

श्रोतेहो, आज कुणी टोकलं, तर लगेच उसळू नका. हवा थोडी कमी करा. समोरच्याचं पूर्ण ऐका. मगच उत्तर द्या.